मारक दाब, तारक दाब

सोडावॉटरची बाटली उघडलेली तुम्ही पाहिलीच असेल. झाकण घट्ट बसलेले असते तोवर आतील पाणी कसे शांत व नितळ दिसते; परंतु झाकण निघताच फसकन आवाज होतो आणि असंख्य बुडबुडे उसळून वर येतात. हे बुडबुडे येतात तरी कोठून? बाटली भरताना कार्बन डायऑक्साइड वायू दाब देऊन पाण्यात विरघळविलेला असतो. दाब जितका अधिक, तितका वायू द्रवात अधिक विरघळतो. आणि दाब एकाएकी नाहीसा झाला की तोच वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. विल्यम हेन्री ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०३ साली हा नियम मांडला. ह्या साध्या नियमाने पुढे अनेक माणसांचे प्राण घेतले आणि त्याच नियमाने अनेकांचे प्राण वाचविले. ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

१८७० साली अमेरिकेतील न्यूयॉर्क येथे ब्रुकलिनच्या पुलाचे काम सुरू झाले. पुलाचा पाया नदीच्या तळाखाली खोल न्यावयाचा होता. त्यासाठी तळ नसलेली एक अवाढव्य लाकडी पेटी पालथी करून नदीत बुडविण्यात आली. पेटीत पाणी शिरू नये म्हणून तीत यंत्राने हवा दाबून भरीत. त्या दाबलेल्या हवेत उभे राहून मजूर तळाची माती व दगड उपसत, आणि पेटी हळूहळू खाली उतरे. सुमारे दहा मीटर पाण्याखाली गेले की हवेचा नेहमीचा दाब दुप्पट होतो. येथे तर एका बाजूची पेटी सुमारे चोवीस मीटर खोल गेली होती. म्हणजे मजुरांवर नेहमीच्या तिपटीहून अधिक दाब पडत होता.

नवल असे की, पेटीत असेतोवर मजुरांस फारसा त्रास होत नसे. काम संपवून वर आले, की मात्र सांधे असह्य ठणकू लागत. कोणी वेदनेने वाकून जाई, कोणाचे पाय लुळे पडत. काही जण तर दगावले. ह्या कामावरील डॉक्टर अँड्र्यू स्मिथ यांनी अशा ११० रुग्णांवर उपचार केल्याची नोंद आहे. पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग हेही १८७२ साली ह्या व्याधीने अंथरुणास खिळले. तथापि काम थांबले नाही. त्यांच्या पत्नी एमिली यांनी गणित व बांधकामशास्त्र यांचा अभ्यास केला. पतीच्या सूचना त्या रोज कामावर पोहोचवीत आणि तेथील अडचणी घरी येऊन त्यांस सांगत. रोबलिंग आपल्या खिडकीतून दुर्बिणीने काम न्याहाळीत असत. असे दशकभर चालले, आणि २४ मे १८८३ रोजी पूल खुला झाला.

ह्या व्याधीचे कारण पॉल बेर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उलगडून दाखविले. हवेत सुमारे चार पंचमांश नत्रवायू असतो. दाब वाढला की तो रक्तात व मांसात अधिक विरघळतो. मनुष्य घाईने बाहेर आला, की त्याच्या शरीराची जणू सोड्याची बाटलीच होते. रक्तात बुडबुडे उत्पन्न होतात आणि ते रक्ताची वाट अडवितात.

कारण कळले, मग उपायही सुचला. न्यूयॉर्कलाच हडसन नदीखालून बोगदा खणण्याचे काम चालू होते. तेथील ४५ ते ५० मजुरांपैकी दरमहा एक जण मृत्युमुखी पडत असे. १८८९ च्या सुमारास अर्नेस्ट मॉयर हे अभियंते त्या कामावर आले. त्यांनी तेथे एक लोखंडी खोली बसविली. आजारी मजुरास तीत निजवून आतील हवेचा दाब पुन्हा वाढवीत. त्यायोगे बुडबुडे आक्रसून रक्तात विरघळून जात. मग दाब अगदी सावकाश उतरवीत. पुढील पंधरा महिन्यांत १२० मजुरांपैकी केवळ दोघेच दगावले, असे मॉयर यांनी नमूद केले आहे. ज्या दाबाने दुखणे आणले, त्याच दाबाने ते घालविले! फरक होता तो फक्त उताविळीचा आणि संयमाचा.

पुढे शास्त्रज्ञांच्या मनात आणखी एक विचार आला. दाबाखाली नत्रवायू रक्तात विरघळतो, तर प्राणवायूही विरघळलाच पाहिजे! आपल्या १०० मिलिलीटर रक्तात सुमारे २० मिलिलीटर प्राणवायू असतो. तो जवळजवळ सगळा तांबड्या पेशी वाहून नेतात; रक्तातील पाण्यासारख्या द्रवात जेमतेम ०.३ मिलिलीटर विरघळलेला असतो. परंतु नेहमीच्या तिप्पट दाबाखाली शुद्ध प्राणवायू श्वासावाटे घेतला, तर ह्या द्रवातच सुमारे ६ मिलिलीटर प्राणवायू विरघळतो. विश्रांती घेत असलेल्या शरीरास तेवढा पुरतो. ॲमस्टरडॅम येथील शल्यचिकित्सक इटे बोरेमा यांनी १९६० साली ह्याविषयीचा आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी डुकराच्या पिलांच्या रक्तातील तांबड्या पेशी जवळजवळ नाहीशा केल्या; तरीही दाबकक्षात ती पिले जगली आणि रक्त परत देताच पूर्ववत झाली.

ह्याचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. थंडीच्या रात्री दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटती ठेवली, तर खोलीत कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू साठतो. त्याला ना रंग, ना वास. तो तांबड्या पेशींना प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक बळाने चिकटतो. मग त्या पेशी प्राणवायू वाहणार कशा? साध्या हवेत ह्या वायूचे शरीरातील प्रमाण निम्मे होण्यास सुमारे पाच तास लागतात. तिप्पट दाबाच्या शुद्ध प्राणवायूत मात्र सुमारे २३ मिनिटे पुरतात. पाण्यातून घाईने वर आलेले पाणबुडे आणि मधुमेहामुळे पायाच्या जखमा न भरणारे काही रुग्ण यांनाही ह्या उपचाराचा लाभ होतो. मुंबईत कुलाबा येथे नौदलाचे 'अश्विनी' नावाचे रुग्णालय आहे. तेथेही ही सोय आहे.

रुग्णालयातील दाबकक्ष एखाद्या आडव्या टाकीसारखा दिसतो. काही कक्षांत एकच रुग्ण निजतो. काहींत अनेक जण बसून मुखवट्यातून प्राणवायू घेतात. दाब चढू लागला की कानांत दडे बसतात. तेव्हा आवंढा गिळावा लागतो. प्राणवायूत आग झपाट्याने भडकते. म्हणून काडेपेटी आत नेता येत नाही आणि सुती कपडेच घालावे लागतात. सुमारे दीड-दोन तासांनी दाब हळूहळू उतरवितात. जुनाट जखमांसाठी अशा वीस ते चाळीस बैठकाही लागतात.

परंतु ही काही सर्व रोगांवरील रामबाण मात्रा नव्हे. दाबाखालील प्राणवायू अतिरेकाने घेतला तर झटके येतात, हेही पॉल बेर यांनीच दाखवून दिले होते. म्हणून किती दाब द्यावयाचा आणि किती वेळ, हे वैद्यच ठरवितात.

मुलांनो, निसर्गाचा नियम कोणाचा शत्रू नसतो आणि मित्रही नसतो. तो न जाणता वागणाऱ्यास शासन होते. जाणून, मोजून, धीराने वागणाऱ्याच्या हाती तोच औषध होतो. ब्रुकलिनच्या मजुरांनी हे ज्ञान प्राणांचे मोल देऊन मिळवून दिले. आज दाबकक्षातून बरा होऊन बाहेर पडणारा प्रत्येक रुग्ण त्या अनाम मजुरांचा ऋणी आहे.