नऊ वर्षं बिनपगारी

१ सप्टेंबर २०२३ रोजी अमेरिकेच्या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सनं तीन नव्या विद्यापीठांना प्रवेश दिला. स्टॅनफर्ड आणि बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनी सुरुवातीला प्रक्षेपणाच्या उत्पन्नातल्या साधारण तीस टक्के वाट्यावर समाधान मानलं. तिसरं विद्यापीठ डॅलसचं, सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी. तिथले लोक त्याला एसएमयू म्हणतात आणि त्याच्या संघाला मस्टँग्ज. एसएमयूनं पहिली नऊ वर्षं त्या उत्पन्नातलं काहीच न घेण्याचं कबूल केलं. आधीच्या कॉन्फरन्समध्ये वर्षाला मिळणाऱ्या सुमारे सत्तर लाख डॉलरवरही पाणी सोडलं. प्रवेश जाहीर झाल्यावर आठवड्याभरात तीसेक देणगीदारांनी दहा कोटी डॉलर उभे केले.

एवढा सोस कशासाठी, हे कळायला कॉन्फरन्स म्हणजे काय ते कळायला हवं. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये विद्यापीठं गट करून खेळतात आणि सामन्यांचे हक्क वाहिन्यांना एकत्र विकतात. तुमचा गट कोणता, यावर प्रतिस्पर्धी ठरतात, प्रतिस्पर्ध्यांवर प्रेक्षक आणि पैसा, आणि पैशावर कोणते शाळकरी खेळाडू तुमच्याकडे येणार ते. चांगला संघ वाईट गटात अडकला की हळूहळू तोही वाईट होतो.

टेक्सासात याचा दाखला ढळढळीत आहे. १९१४ साली स्थापन झालेली साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ मध्ये मोडली. टेक्सास, टेक्सास ए अँड एम, टेक्सास टेक आणि बेलर नव्या बिग ट्वेल्व्हमध्ये गेले. एसएमयू, टीसीयू, राइस आणि ह्यूस्टन मागे राहिले. त्यातल्या फोर्टवर्थच्या टीसीयूनं लहान गटांमध्ये जिंकत जिंकत २०१२ मध्ये बिग ट्वेल्व्ह गाठली. ह्यूस्टनला त्यासाठी २०२३ उजाडलं. राइस आजही बाहेर आहे.

एसएमयूच्या नशिबी मात्र गट मोडण्याआधीच त्याहून कठोर काही आलं होतं. १९८१ ते १९८४ या चार हंगामांत या संघानं ४१ सामने जिंकले, ५ गमावले आणि एक बरोबरीत सोडवला. एरिक डिकरसन आणि क्रेग जेम्स ही चेंडू घेऊन धावणारी जोडी देशभर गाजली. त्याच काळात विद्यापीठाचे श्रीमंत पाठीराखे नियम मोडून खेळाडूंना गुपचूप पैसे देत होते. आधीची शिक्षा चालू असतानाही हे थांबलं नाही. १३ खेळाडूंना एकूण सुमारे ६१ हजार डॉलर दिले गेल्याचं उघड झालं, आणि ठरलेले हप्ते चालू ठेवण्याचा निर्णय आपल्याला ठाऊक होता, हे विश्वस्त मंडळाचे माजी अध्यक्ष व तेव्हाचे टेक्सासचे गव्हर्नर बिल क्लेमेंट्स यांनी मान्य केलं. फेब्रुवारी १९८७ मध्ये कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेनं एसएमयूचा १९८७ चा संपूर्ण हंगाम रद्द केला. १९८८ मध्ये घरच्या मैदानावरचे सामने काढून घेतले, तेव्हा विद्यापीठानं तोही हंगाम सोडून दिला.

या शिक्षेबद्दल माझं मत ठाम आहे. पैसे देणाऱ्यांचं फारसं काही बिघडलं नाही. भोगलं ते पुढच्या मुलांनी, आणि त्यातली बरीच शिक्षा झाली तेव्हा जन्मलेलीही नव्हती. १९८९ मध्ये संघ परतला तेव्हा ह्यूस्टननं त्याला ९५-२१ असं चिरडलं. पुढच्या वीस हंगामांत विजय पराभवांपेक्षा जास्त असलेला हंगाम एकच, १९९७ चा. १९८४ नंतरचा पहिला बोल सामना, म्हणजे हंगामाअखेरचा निमंत्रितांचा सामना, खेळायला २००९ चा डिसेंबर यावा लागला. २०२१ नंतर तर प्रशिक्षक सनी डाइक्सही शेजारच्या टीसीयूकडे गेले आणि पहिल्याच हंगामात त्यांनी तो संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात नेला. गटाचं बळ काय असतं, ते एसएमयूला घराच्या गच्चीवरून दिसत होतं.

म्हणूनच नऊ वर्षं फुकट राबण्याचा सौदा मला वेडेपणाचा वाटत नाही. रेट लॅशली यांच्या संघानं नव्या गटातल्या पहिल्याच हंगामात, २०२४ मध्ये, साखळीतले आठही सामने जिंकले. गटाच्या अंतिम सामन्यात क्लेमसनविरुद्ध मागे पडूनही बरोबरी साधली, आणि क्लेमसननं शेवटच्या क्षणी ५६ यार्डांवरून मारलेल्या फील्ड गोलमुळे ३४-३१ अशी हार पत्करली. तरी राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बारा संघांच्या प्लेऑफमध्ये जागा मिळाली. तिथे पेन स्टेटच्या लाखभर प्रेक्षकांसमोर, कडाक्याच्या थंडीत ३८-१० असा पराभव झाला. एसएमयूच्या क्वार्टरबॅक केव्हिन जेनिंग्जनं पहिल्या अर्ध्यात फेकलेले दोन चेंडू प्रतिस्पर्ध्यांनी झेलून थेट टचडाउन केले. २०२५ मध्ये मायामीला जादा वेळेत हरवलं, क्लेमसनला त्यांच्या मैदानावर हरवलं, पण वेक फॉरेस्टकडून एका गुणानं आणि बर्कलीकडून तीन गुणांनी हार झाली. दोन वर्षांत साखळीतले १६ पैकी १४ विजय. या गटात टिकण्याची ताकद आहे का, या प्रश्नाचं उत्तर मिळालं आहे.

भरवशाची गोष्ट आहे ती डॅलसची माती. जेनिंग्ज तिथल्याच साउथ ओक क्लिफ शाळेतून आला. उत्तरेकडच्या प्लेनो, फ्रिस्को, ॲलन या उपनगरांत अनेक मराठी कुटुंबं राहतात, त्यांना शुक्रवारच्या रात्रीच्या शालेय सामन्यांचं वेड सांगायला नको. ॲलनच्या शाळेचं मैदानच १८ हजार प्रेक्षकांचं आहे. पूर्वी यातली चांगली मुलं घराजवळच्या लहान गटातल्या एसएमयूकडे वळायला कचरत. आता ते कारण उरलेलं नाही. पैसे देण्याची चोरीही उरली नाही. जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं उत्पन्नाचा वाटा खेळाडूंना उघडपणे देऊ शकतात; २०२५-२६ साठी त्याची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर होती. ६१ हजारांसाठी दोन हंगाम गमावलेल्या या संघाच्या जुन्या खेळाडूंना ही बातमी वाचून काय वाटलं असेल, या विचारानं मला अस्वस्थ व्हायला होतं.

माझी खरी काळजी गटाचीच आहे. डॅलसपासून बर्कली आणि बोस्टन दोन्ही दोन-अडीच हजार किलोमीटरवर. एवढ्या पसरलेल्या संघांना बांधून ठेवतो तो ईएसपीएन वाहिनीशी २०३६ पर्यंतचा करार. पण गटातल्या क्लेमसन आणि फ्लोरिडा स्टेट यांनी बाहेर पडण्याच्या अटींविरुद्ध कोर्टात धाव घेतल्यावर मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली. त्यानुसार बाहेर पडण्याची किंमत दरवर्षी कमी होत २०३०-३१ मध्ये साडेसात कोटी डॉलरवर येते. त्याच सुमारास बिग टेन आणि बिग ट्वेल्व्ह या गटांचे प्रक्षेपण करारही संपतात. म्हणजे देशभरातल्या गटांची फेरमांडणी होऊ शकेल तो काळ एसएमयूच्या बिनपगारी वर्षांच्या आतच येतो. बलाढ्य संघ निघून गेले, तर वाट्याला येणारा पहिला पगार हातात पडण्याआधीच आटलेला असेल.

तोवर देणगीदारांना थकून चालणार नाही, आणि सुमारे ३२ हजारांचं फोर्ड स्टेडियम एरवीच्या शनिवारीही भरावं लागेल. वाहिन्या प्रेक्षक मोजतात, आणि डॅलसमध्ये हे मैदान काऊबॉइज या व्यावसायिक संघाच्या सावलीत आहे. २०२५ नंतर टीसीयूबरोबरची शंभरहून अधिक वर्षांची लढत थांबली, तीही प्रेक्षक हमखास खेचणारी. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून एसएमयूनं स्वतःहून पाऊल उचलावं, असं मला मनापासून वाटतं. नव्या पाहुण्यांपैकी मायामी, क्लेमसन, फ्लोरिडा स्टेट यांना पाहायला गर्दी होईल. पण वेक फॉरेस्ट किंवा बोस्टन कॉलेज येतं त्या दिवशी किती खुर्च्या भरतात, ते २०३० मध्ये वाटाघाटीच्या टेबलावर विचारलं जाईल.