मलवाहिन्यांतील दुर्गंध व क्षरण

शहराच्या मलवाहिन्यांतून येणारा दुर्गंध आणि त्यांच्या काँक्रीटची होणारी झीज ही दोन स्वतंत्र दुखणी होत, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः दोहोंचे प्रमुख कारण एकच आहे. ते म्हणजे हायड्रोजन सल्फाइड वायू.

सांडपाण्यात सल्फेट क्षार विरघळलेले असतात. नळाच्या आतल्या अंगास जमणाऱ्या बुळबुळीत थरात खोलवर प्राणवायू पोहोचत नाही; तेथील जीवाणू सल्फेटपासून सल्फाइड निर्माण करतात. प्रवाह संथ असला, अथवा पंपापुढील नळात सांडपाणी दीर्घकाळ कोंडून राहिले, म्हणजे ही क्रिया बळावते. पुढे पाणी खळाळताच वायू वरच्या पोकळीत शिरतो. छताच्या ओलाव्यातील निराळे जीवाणू त्याचे सल्फ्यूरिक आम्ल बनवितात आणि ते आम्ल सिमेंटमधील चुन्याचे ठिसूळ जिप्सम करून टाकते. म्हणूनच ही झीज मुख्यतः पाण्याच्या पातळीच्या वर दिसते. लोखंडाच्या संदर्भात रूढ झालेला ‘गंज’ हा शब्द येथे अपुरा पडतो. ‘क्षरण’ हाच यथार्थ होय. मेलबर्न येथे सी. डी. पार्कर यांनी झिजलेल्या काँक्रीटमधून असा आम्लकारी जीवाणू वेगळा केल्याचे १९४५ मध्ये प्रसिद्ध केले.

उपाययोजना या साखळीची कोणती कडी तोडावयाची यावर अवलंबून असते. प्राणवायू किंवा नायट्रेट पुरविल्यास सल्फाइडला आळा बसतो. लोहक्षार त्याला न विरघळणाऱ्या रूपात बांधून ठेवतात. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडने सांडपाणी अल्कधर्मी केल्यास वायू फारसा बाहेर पडत नाही. आम्लरोधक अस्तर काँक्रीट वाचविते. वायू मात्र तसाच राहतो. झाकणे घट्ट बसवून दुर्गंध कोंडणे हा तर उपायच नव्हे, कारण कोंडलेला वायू आतील क्षरणास खाद्य पुरवितो. शिवाय त्याचे प्रमाण वाढले की घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास येत नाही म्हणून निर्धास्तपणे आत उतरणारा कामगार प्राणास मुकतो.

क्वीन्सलँड विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये याहूनही मागची कडी दाखवून दिली. आग्नेय क्वीन्सलँडमधील पाहणी व अन्य माहितीच्या आधारे त्यांनी असा निष्कर्ष काढला की, पिण्याचे पाणी निवळण्यासाठी घातलेले ॲल्युमिनियम सल्फेट हाच सांडपाण्यातील सल्फाइडचा प्रमुख अप्रत्यक्ष उगम होय. त्याऐवजी सल्फेटरहित द्रव्य वापरणे हा त्यांनी सुचविलेला मार्ग. भारतातही पाणी तुरटीने निवळण्याची पद्धत प्रचलित असल्यामुळे हा निष्कर्ष येथेही विचारार्ह ठरतो. मूळच्याच पाण्यात सल्फेट विपुल असेल तेथे अर्थातच याचा लाभ थोडा. तथापि पाणीपुरवठा व मलनिस्सारण यांचा विचार एकत्रच व्हावयास हवा, हे यातून स्पष्ट होते.