महासिरासाठी साधने कशी निवडावीत

मासे धरणे हा कोळ्याचा व्यवसाय आहे, तर गळ टाकून नदीकाठी उभे राहणे हा हौशी माणसाचा छंद आहे. पाणी तेच, मासाही तोच. परंतु हेतू निराळा असल्यामुळे साधनेही निराळी लागतात. थोड्या वेळात पुष्कळ मासे हाती यावेत, या हिशेबाने कोळी आपले जाळे निवडतो. हौशी माणसाची गाठ एका वेळी एकाच माशाशी असते आणि तो मासा पाहून, मोजून पुन्हा प्रवाहात सोडून द्यावयाचा, ही रीत आता या छंदात रूढ झालेली आहे. जो मासा परत सोडावयाचा तो जिवंत राहील अशा बेतानेच धरला पाहिजे. म्हणून साधनांची निवड हा केवळ सोयीचा किंवा ऐपतीचा प्रश्न राहत नाही. माशाचे जगणे अथवा मरणे बऱ्याच अंशी त्या निवडीवर अवलंबून असते.

या छंदाची सुरुवात बहुधा दुकानात होते. नवखा मनुष्य प्रथम काठी पाहतो, कारण तीच सर्वांत देखणी आणि सर्वांत महाग असते. काठी पसंत पडली की तिला शोभेल असे रीळ घेतो, दुकानदार देईल ती दोरी त्यावर गुंडाळून घेतो, आणि शेवटी उरलेल्या पैशांत मूठभर गळ पुडीत बांधून आणतो. खरे पाहता हा क्रम अगदी उलट हवा. माशाच्या तोंडात जाणारी वस्तू गळ ही आहे. काठी त्याच्यापासून सर्वांत दूर असते. म्हणून आधी नदी आणि मासा ठरवावा, मग गळ, त्यानंतर दोरी, दोरीवरून रीळ आणि सर्वांच्या शेवटी काठी निवडावी. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच असते, आणि येथे तर ती कच्ची कडी कोठे असावी हेही आपणच ठरवावयाचे असते.

भारतात या छंदाचा मानबिंदू म्हणजे महासीर. हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांत सोनेरी महासीर असतो. कावेरीच्या खोऱ्यात पाठीवर उंचवटा असलेला प्रचंड महासीर आढळतो. १९४६ साली कबिनी नदीत म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एका गृहस्थांनी धरलेला असा मासा १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा होता. महाराष्ट्रालाही हा मासा परका नाही. १८३९ साली कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळामुठेतील महासिराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याच्या शास्त्रीय नावात ‘खुद्री’ हा शब्द घातला. तो आजतागायत कायम आहे. महाडजवळ सावित्री नदीवरील वाळण कोंडीत देवीचे मासे म्हणून गावकरी ज्यांना अभय देत आले, तेही महासीरच होत.

महासिराच्या जबड्यात दात नसतात. त्याचे दात असतात घशात, आणि खेकड्याचे कवच किंवा कठीण फळ तो तेथे चिरडून टाकतो. त्याच्या तोंडाच्या पकडीतही विलक्षण जोर असतो. मंगळूरकडील जिल्ह्यात कलेक्टर असलेल्या हेन्री सलिव्हन टॉमस यांनी ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध केला. विलायती नद्यांसाठी केलेले नाजूक गळ या माशापुढे टिकत नाहीत, हा धडा त्या पिढीच्या हौशी मंडळींनी पुष्कळ गळ गमावून घेतला होता. म्हणून गळ निवडताना पहिली कसोटी तारेच्या जाडीची. बोटांनी दाबून वाकणारा गळ महासिरासाठी निरुपयोगी समजावा.

गळाच्या मापांचा क्रम नवख्याला चकवतो. साध्या अंकांत अंक जितका मोठा तितका गळ लहान. दहा क्रमांकाचा गळ दोन क्रमांकाच्या गळापेक्षा बारीक असतो. एकनंतर मात्र अंकापुढे तिरपी रेघ आणि शून्य येते, आणि तेथून अंक वाढेल तसा गळ मोठा होत जातो. धार पाहण्याची रीत सोपी आहे. गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढावे. ते नखात रुतले तर धारदार. घसरले तर बोथट. बोथट गळ कानसावा किंवा टाकून द्यावा.

गळाच्या टोकामागे जो उलटा काटा असतो, तो पक्कडीने दाबून सपाट करावा. मासा निसटेल अशी भीती पुष्कळांना वाटते. परंतु दोरी ताणलेली असेल तर सपाट काट्याच्या गळावरूनही मासा सहसा सुटत नाही, आणि सोडवताना मात्र त्याचे तोंड फाटत नाही. तीन आकड्यांच्या गळाऐवजी एकेरी गळ लावणे हेही याच कारणाने इष्ट होय. आमिषासाठी टोक आत वळलेला गोल गळ मिळतो. तो बहुधा ओठाच्या कोपऱ्यातच अडकतो आणि घशापर्यंत जाण्याचा संभव कमी होतो. मात्र त्याला झटका द्यावयाचा नसतो. मासा चालू लागला की दोरी हळूहळू ताठ होऊ द्यावी.

आता दोरीकडे वळू. पूर्वी रेशमाची आणि तागाची दोरी वापरीत. १९३८ साली नायलॉन जगापुढे आले आणि थोड्याच वर्षांत एकपदरी नायलॉनने जुन्या दोऱ्यांची जागा घेतली. अलीकडे अतिसूक्ष्म तंतूंची विणलेली दोरी मिळते. दोहोंचे गुणदोष निराळे आहेत. नायलॉन ताणले असता लांबते. त्यामुळे माशाचा अचानक हिसका ते पोटात घेते. विणलेली दोरी तेवढ्याच ताकदीला कितीतरी बारीक असते, मुळीच लांबत नाही, आणि दूरवरच्या स्पर्शाचीही वर्दी हाताला देते; परंतु खडकाच्या धारेवर घासली की क्षणात तुटते. महासिराची वस्ती खडकाळ प्रवाहात असल्यामुळे विणलेल्या दोरीच्या टोकाला काही फूट जाड नायलॉन जोडणे आवश्यक ठरते.

दोरीची ताकद पौंडांत सांगतात. हिमालयाकडील मध्यम माशांसाठी २० पौंडांची दोरी पुरेशी होते. कावेरीसारख्या नदीत मोठ्या माशाची शक्यता असेल तर ३० ते ४० पौंडांची लागते. येथे एका जुन्या समजुतीचा विचार केला पाहिजे. अत्यंत बारीक दोरीवर अजस्र मासा तासन्‌तास खेळवून काठाला आणणे हे कौशल्याचे लक्षण मानण्याची रीत होती. माशाच्या दृष्टीने ती क्रूर आहे. जिवाच्या आकांताने ओढणारा मासा प्राणवायूची उणीव असतानाही स्नायू राबवतो. त्यामुळे लॅक्टिक आम्ल अंगात साठत जाते आणि रक्ताचा तोल बिघडतो. पाणी उष्ण असेल तर त्यात प्राणवायूही कमी असतो. असा दमलेला मासा सोडल्यावर पोहत जाताना दिसतो आणि काही तासांनी नजरेआड मरतो. उलट बारीक दोरी तुटली तर गळ आणि लांबच लांब दोरी घेऊन तो खडकांत अडकतो. दोन्हीकडून नुकसान माशाचेच होते. झुंज थोडक्यात संपवील इतकी जाड दोरी वापरणे हाच खरा खिलाडूपणा होय.

गाठ हा दोरीचा सर्वांत नाजूक भाग आहे. कोणतीही गाठ मारली की दोरीची थोडी ताकद कमी होते, आणि कोरडी गाठ आवळली तर घर्षणाने नायलॉन तापून अधिकच दुबळे होते. म्हणून आवळण्यापूर्वी गाठ पाण्याने ओली करावी. शिशाचे वजन बांधावयाचे असेल तर ते मुख्य दोरीहून कच्च्या अशा वेगळ्या तुकड्यावर बांधावे. वजन दगडात अडकले तर तेवढाच तुकडा तुटतो आणि मासा हातचा जात नाही. कच्ची कडी कोठे ठेवावी, याचे हे एक उत्तम उदाहरण आहे.

रिळाचे मुख्य दोन प्रकार. एकात दोरीचे पिंप स्थिर असते आणि दोरी त्याच्या कडेवरून वेटोळे उलगडत जाते. इल्लिंगवर्थ नावाच्या इंग्रज कारखानदाराने १९०५ साली या जातीच्या रिळाचे पेटंट घेतले. हे रीळ नवख्याच्या हाताला लवकर बसते. दुसऱ्यात आमिष फेकताना पिंपच फिरते. अंगठ्याचा ताबा सुटला तर दोरीचा गुंता होतो, पण जड दोरीसाठी आणि मोठ्या माशासाठी ते अधिक मजबूत असते. कोणतेही घेतले तरी त्यावर निदान १५० ते २०० यार्ड दोरी मावली पाहिजे. कारण गळ लागताच महासीर प्रवाहाच्या दिशेने जी पहिली धाव घेतो, ती थांबवण्याचा प्रयत्न करणे व्यर्थ असते.

त्या धावेत दोरी तुटू नये म्हणून रिळात एक घर्षणाची योजना असते. तिला ड्रॅग म्हणतात. ठरावीक ओढीपलीकडे ताण गेला की ही योजना दोरी सोडू लागते. ती ओढ किती ठेवावी हे अंदाजाने ठरवू नये. दोरीचे टोक तराजूच्या काट्याला बांधून ओढावे आणि दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर ड्रॅग सुटेल असा स्क्रू फिरवावा. २० पौंडांच्या दोरीला ही ओढ ५ ते ७ पौंड येते. घरी परतल्यावर स्क्रू सैल करून ठेवावा, नाही तर आतील चकत्या दबून निकामी होतात.

आता काठी. एके काळी भारतातला भरीव बांबू ‘कलकत्ता केन’ या नावाने परदेशी जाई आणि त्याच्या चिरफळ्या जोडून तेथे उत्तम काठ्या बनत. पुढे चिनी बांबूने त्याला मागे टाकले, दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू आला आणि १९७० नंतरच्या दशकात कार्बनतंतू. कार्बनची काठी हलकी व संवेदनशील असते. पण ती विजेची वाहक आहे, हे विसरता कामा नये. वीजतारांखाली किंवा ढग गडगडत असताना ती उभारणे प्राणघातक ठरते. काठी विकत घेताना तिच्यावर छापलेले आमिषाचे वजन आणि दोरीची ताकद आपण आधी निवडलेल्या गळाशी व दोरीशी जुळते का, एवढे पाहिले तरी अर्धे काम झाले. महासिरासाठी ८ ते १० फूट लांबीची, टोकाला लवचीक आणि बुडाशी भक्कम अशी काठी पुरते. दोरी जिच्यातून जाते त्या कड्यांतून कापसाचा बोळा फिरवून पाहावा. जेथे कापसाचे तंतू अडकतील, तेथे चीर आहे. तीच चीर उद्या दोरी कापील.

आमिष नदीप्रमाणे बदलते. कावेरीवर नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा गळाला लावण्याची जुनी वहिवाट आहे. उत्तराखंडात नयार नदी जेथे गंगेला मिळते तेथे, किंवा पंचेश्वरच्या संगमावर, पाण्यात लकाकणारा धातूचा चमचा अथवा लाकडी मासोळी अधिक चालते. चमचा गरगर फिरत असल्यामुळे त्याच्या आधी दोरीत फिरती कडी घालावी, म्हणजे दोरीला पीळ पडत नाही.

किरकोळ वाटणाऱ्या चार वस्तू मात्र किरकोळ नाहीत. लांब चोचीची पक्कड, गाठी नसलेल्या मऊ विणीचे जाळे, वजनाचा काटा आणि मोजपट्टी. कोरड्या हाताने मासा धरला तर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि रोगाला वाट मिळते. म्हणून हात ओले करावेत. वजन करावयाचे तर जाळ्यासकट करावे, कल्ल्यात बोट घालून मासा टांगू नये. सोडताना त्याला प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात आधार द्यावा आणि तो आपल्या बळाने निघेपर्यंत थांबावे. या सर्वांआधी त्या राज्याच्या मत्स्य खात्याचा परवाना घ्यावा. आणि नदी अभयारण्यातून वाहत असेल तर वन खात्याची परवानगी आहे किंवा नाही याची खात्री केल्यावाचून दोरी ओली करू नये.

पाचवी वस्तू कोणत्याही दुकानात या साधनांबरोबर विकली जात नाही. ती म्हणजे साधी वही. तारीख, जागा, पाण्याची स्थिती, माशाची जात, लांबी आणि वजन एवढेच तिच्यात लिहावयाचे. कावेरीवरील हौशी मंडळींनी १९९८ ते २०१२ या काळात ठेवलेल्या नोंदी पुढे अभ्यासकांच्या हाती आल्या. मूळचा उंचवट्याचा महासीर दरवर्षी कमी होत चालला होता आणि बाहेरून आणून सोडलेला खुद्री वाढत होता, हे त्यांतून स्पष्ट झाले. त्या नोंदींआधी हा भव्य मासा झपाट्याने नाहीसा होत आहे याचा आकडेवारीने पुरावा नव्हता. इतकेच काय, त्याची शास्त्रीय ओळखही २०१८ सालापर्यंत पक्की झालेली नव्हती. त्या वर्षी ती निश्चित झाली आणि त्याच सुमारास अतिसंकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचे नाव आले.

जाड तारेचा गळ, पुरेशी दोरी, तोलून लावलेला ड्रॅग, आणि या सर्वांना साजेशी काठी, असा संच बाळगणारा मनुष्य कदाचित कमी मासे धरील. पण त्याने धरलेला मासा पुन्हा नदीत जाईल, आणि त्याच्या वहीतील एक ओळ त्या नदीच्या हिशेबात जमा होईल. साधने विकत घेताना किमतीच्या चिठ्ठीकडे पाहावे हे ठीकच. परंतु प्रत्येक वस्तू हातात घेऊन ‘हिने मासा सुखरूप परत जाईल का?’ हा प्रश्न आधी विचारावा. त्याचे उत्तर ज्या वस्तूंबद्दल होकारार्थी येईल, तेवढ्याच पिशवीत घालाव्यात.