न धडकताच कमाल!

गडहिंग्लजच्या पोरांना फुटबॉल काही शिकवायला नको. म्हणून त्यांनाच विचारतो. दोन खेळाडू समोरासमोरून सुसाट आले, एकमेकांना न शिवता शेजारून निसटले आणि मधल्या मोकळ्या जागेत अचानक एक नवाकोरा फुटबॉल तयार झाला, तर? पंच शिट्टी वाजवायचीच विसरतील!

अणूंच्या दुनियेत मात्र असं खरोखर घडतं.

स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर, जमिनीखाली सुमारे 100 मीटर खोल एक गोल बोगदा आहे. त्यातल्या यंत्राचं नाव लार्ज हेड्रॉन कोलायडर. घेर 27 किलोमीटर. तेवढं अंतर गडहिंग्लजहून एसटीनं गेलात, तर आजरासुद्धा मागे पडेल! या बोगद्यात अधूनमधून शिशाची अणुकेंद्रकं पळवतात, जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं. काही समोरासमोर आपटतात, पण कितीतरी नुसतीच जवळून जातात. आपली गोष्ट आहे या हुकलेल्यांची.

शिशाच्या केंद्रकात 82 प्रोटॉन असतात, म्हणजे भरपूर विद्युतप्रभार. एवढा प्रभार एवढ्या वेगानं पळाला, की त्याच्याभोवतीचं विद्युतक्षेत्र चपटं होतं आणि प्रकाशकणांच्या, म्हणजे फोटॉनच्या झोतासारखं वागू लागतं. एन्रिको फर्मी यांना ही कल्पना 1924 मध्येच सुचली होती. झोत किती दमदार? करा बघू गुणाकार: 82 × 82 = 6,724. त्याच वेगानं पळणाऱ्या एकट्या प्रोटॉनच्या 6,724 पट!

आता रात्री अंधारात दोन टॉर्चचे झोत एकमेकांवरून आडवे न्या. काय होतं? काहीच नाही, दोन्ही आरपार जातात. पण बोगद्यातले फोटॉन भलतेच ताकदवान. त्यांची गाठ पडली, की कधीकधी दोघंही गायब होतात आणि जन्माला येतो एक इलेक्ट्रॉन, सोबत त्याचा उलट्या प्रभाराचा जोडीदार पॉझिट्रॉन. चक्क प्रकाशापासून पदार्थ! अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेनं सोन्याची केंद्रकं पळवून अशा 6,085 जोड्या टिपल्या आणि 2021 मध्ये ते जाहीर केलं.

वेगवान प्रभारित कणांमुळे अशा जोड्या कशा तयार होतात, याचं गणित 1935 मध्ये कोणी मांडलं होतं, माहीत आहे? आपल्या मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांनी! तेव्हा ते केंब्रिजमध्ये होते, वय जेमतेम पंचविशीतलं.

कधी फोटॉन थेट समोरच्या केंद्रकावरच आदळतो. मग आतले काही प्रोटॉन बाहेर उडू शकतात. तीन उडाले, तर उरले 79. आणि 79 प्रोटॉनवालं कोण? सोनं! बोगद्यातल्या ‘अ‍ॅलिस’ या प्रयोगात मुंबईची आयआयटीसुद्धा आहे. या प्रयोगानं 2025 मध्ये हिशेब मांडला: 2015 ते 2018 या काळात सोन्याची सुमारे 8,600 कोटी केंद्रकं तयार झाली.

“मग आईला एक अंगठी तरी?” छे! एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग करा. त्यातले 29 भाग म्हणजे हे सगळं सोनं. सराफाचा काटा हलायचासुद्धा नाही. शिवाय ते टिकतं क्षणभरच, लगेच कुठेतरी आपटून फुटतं.

आता तुमची पाळी. आवर्तसारणी उघडा. शिशातून तीन प्रोटॉन गेले, की सोनं. दोनच गेले तर? हा जुन्या थर्मामीटरमध्ये चमकायचा. आणि एकच गेला तर? त्याचं नाव मात्र तुम्हीच शोधून काढा!