मोडक्या जनुकाची साक्ष

गाय, कुत्रा, उंदीर इत्यादि प्राणी लिंबूं किंवा आवळा कधीं तोंडांत घालीत नाहींत. तरी त्यांना स्कर्व्ही नांवाचा रोग होत नाहीं. मनुष्यास मात्र कांहीं महिने ताजीं फळें वा भाजी न मिळाल्यास हिरड्या सुजून रक्त वाहूं लागतें, दांत हलूं लागतात, भरलेल्या जखमा पुन्हां उकलतात व अखेरीस मृत्यु येतो. शिडाच्या जहाजांच्या काळीं या रोगानें हजारों खलाशी बळी घेतले. इ. स. १७४७ सालीं जेम्स लिंड या आरमारी वैद्यानें 'सॅलिसबरी' जहाजावरील बारा रोग्यांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीस निरनिराळा उपाय दिला. ज्या दोघांना संत्रीं व लिंबें मिळालीं, त्यांस आठवड्याच्या आंतच उतार पडला. तरीहि ब्रिटिश आरमारांत लिंबाचा रस नियमानें मिळूं लागण्यास १७९५ साल उजाडावें लागलें!

इतर प्राण्यांना हा रोग कां होत नाहीं? 'क' जीवनसत्त्व बहुतेक सस्तन प्राण्यांचें यकृत स्वतःच तयार करतें. या क्रियेची शेवटची पायरी एका विकराच्या साह्यानें पार पडते, व तें विकर घडविण्याची कृति एका जनुकांत लिहिलेली असते. 'लिहिलेली' हा शब्द येथें केवळ अलंकार नव्हे. प्रत्येक पेशींतील डीएनए नामक लांब धाग्यावर चार प्रकारचीं द्रव्यें ठराविक क्रमानें ओंवलेलीं असतात. त्यांस शास्त्रज्ञ ए, टी, जी व सी हीं अक्षरें मानतात. मनुष्याच्या एका संचांत अशीं सुमारे ३०० कोटि अक्षरें आहेत.

एवढा धागा एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सलग वाचतां येत नाहीं. म्हणून त्याच्या अनेक प्रतींचे वेडेवांकडे तुकडे करतात, प्रत्येक तुकडा वाचतात, आणि एकाचा शेवट दुसऱ्याच्या आरंभाशीं कोठें जुळतो हें पाहून सारा मजकूर सांधतात. १९७७ सालीं फ्रेडरिक सँगर यांनीं अशा वाचनाची एक उत्तम रीति प्रसिद्ध केली. पुढें २००१ सालीं मनुष्याच्या संचाचा मसुदा व २००५ सालीं चिंपांझीचा मसुदा जगापुढें आला. जेथें दोघांचा मजकूर ओळीस ओळ लावून पाहतां येतो, तेथें शंभर अक्षरांत सुमारे एकाचाच फरक आढळला.

परंतु केवळ साम्य ही कांहीं सर्वांत बळकट साक्ष नव्हे. सारखें काम करणाऱ्या अवयवांस सारखीच कृति लागणार, असा आक्षेप कोणीहि घेईल. खरी साक्ष चुकांची. दोन पोथ्यांत एकाच ओळींतील एकच शब्द गळालेला दिसला, तर त्या एकाच सदोष प्रतीवरून उतरल्या असें आपण निःशंकपणें म्हणतों. (परीक्षकांसहि ही युक्ति चांगली ठाऊक असते, नक्कल उघडकीस येते ती बरोबर उत्तरांवरून नव्हे, तर एकसारख्या चुकांवरून!)

आतां पुन्हां आपल्या जनुकाकडे वळूं. १९९४ सालीं निशिकिमी या जपानी शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें कीं, हें जनुक मनुष्यांतहि आहे. मात्र तें मोडकें आहे. उंदरांत त्याचे बारा खंड असतात; आपल्या आठव्या गुणसूत्रावर त्यांतील कित्येक खंडांचा मागमूसहि नाहीं. जे उरले, त्यांतील एका खंडांत एका जागीं एकच अक्षर गळालें आहे. तेंच अक्षर, त्याच जागीं, चिंपांझी, ओरांगउटान व मकाक जातीचें माकड यांच्याहि मजकुरांतून गळालें आहे. या सर्वांस 'क' जीवनसत्त्व अन्नांतूनच मिळवावें लागतें. ही मोडतोड त्यांच्या एका समाईक पूर्वजांत, सुमारे ६ कोटि वर्षांपूर्वीं झाली असावी, असा अंदाज आहे. फळें व कोवळा पाला खाणाऱ्या त्या पूर्वजास तिचा उपद्रव झाला नाहीं, म्हणून ती वंशांत टिकली. तिचें देणें पुढें भर समुद्रांत खलाशांना फेडावें लागलें.

गिनिपिगची गोष्ट याहून मौजेची आहे. १९०७ सालीं नॉर्वेंतील होल्स्ट व फ्रोलिख या शास्त्रज्ञांनीं निव्वळ धान्यावर ठेवलेल्या गिनिपिगांस स्कर्व्ही झाल्याचें प्रसिद्ध केलें. त्यांनीं उंदीर निवडले असते, तर त्यांच्या दृष्टीस कांहींच पडलें नसतें! गिनिपिगचेंहि हेंच जनुक मोडलेलें आहे. मग तो मनुष्याचा जवळचा आप्त समजावा काय? नाहीं. मजकूर शेजारीं ठेवून पाहतां त्यांतील मोडतोड निराळ्या ठिकाणीं व निराळ्या तऱ्हेची दिसते, आणि ती पुष्कळच अलीकडची, सुमारे १ कोटि ४० लक्ष वर्षांपूर्वींची, ठरते. उलट लेमूर व लोरिस हे माकडांचे दूरचे भाऊबंद. त्यांचें जनुक अद्यापि शाबूत आहे. म्हणजे त्यांची शाखा मूळ वृक्षापासून फुटली त्या वेळीं हें अक्षर आपल्या ठिकाणीं होतें.