बाईंसाठी एक पिंपळपान

आपल्या पहिलीच्या बाईंचा किंवा गुरुजींचा चेहरा क्षणभर डोळ्यांपुढे आणून पाहावा. सकाळी चष्मा कोठे ठेवला हे आठवत नसले, तरी पाटीवर अक्षर गिरवून घेताना आपल्या हातावर ठेवलेला त्यांचा हात साठ-सत्तर वर्षांनंतरही आठवतो. तो हात आता आपण नातवंडाच्या हातावर ठेवू शकतो. त्यासाठी निमित्त मात्र हवे.

ते निमित्त शिक्षक दिनाचे आहे. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा ५ सप्टेंबर हा जन्मदिवस १९६२ पासून आपल्या देशात शिक्षक दिन म्हणून साजरा होतो. बहुतेक घरांत त्याची आठवण आदल्या संध्याकाळी होते. मग आईवडिलांची धावपळ सुरू होते, दुकानातून एक पेन आणि छापील भेटकार्ड येते आणि मूल ते दुसऱ्या दिवशी बाईंच्या हाती देते. या सगळ्यात मुलाने काही केलेले नसते आणि आजीआजोबांना तर कोणी विचारलेलेही नसते. “आता माझ्या हातून काही होत नाही,” हे वाक्य घरात अशाच प्रसंगांतून रुजत जाते.

या वर्षी एक साधी भेट घरीच करून पाहावी. ती म्हणजे पिंपळाच्या जाळीदार पानाची पुस्तकखूण. तिला खर्च जवळजवळ नाही. लागतो तो वेळ, आणि तो आपल्यापाशी आहे.

ऑगस्टच्या आरंभी पिंपळाची जून, न किडलेली आठ-दहा पाने आणावीत. काही फाटणारच, म्हणून थोडी अधिक असावीत. पसरट भांड्यात पाणी घेऊन ती पूर्ण बुडवावीत. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलावे आणि जुने पाणी नातवंडाने कुंडीतील झाडांना घालावे. भांडे मात्र घट्ट झाकलेले असावे, कारण डेंग्यू पसरवणारे डास अशाच साठवलेल्या पाण्यात अंडी घालतात. तीन-चार आठवड्यांत पानाचा हिरवा गर मऊ होऊन सुटू लागतो. मग पान ताटलीत ठेवून दात घासण्याच्या जुन्या, मऊ ब्रशने मधल्या शिरेपासून कडेकडे हलकेच घासावे. गर निघून जातो आणि शिरांची नाजूक जाळी उरते. ती स्वच्छ पाण्याने धुऊन, वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून, वर जाड पुस्तकाचे वजन द्यावे. दोन दिवसांत वाळलेले पान जाड कागदाच्या पट्टीवर मैद्याच्या पातळ खळीने चिकटवावे.

हे काम एकट्याचे नाही, हाच त्यातील आनंद आहे. लहान मुलाच्या बोटांत जोर असतो, पण धीर नसतो; आपल्या बोटांत धीर असतो, पण पूर्वीचा जोर नसतो. म्हणून देठ आपण धरावा आणि ब्रश मुलाने चालवावा. हात कापत असल्यास कोपरापर्यंतचा हात टेबलावर टेकवून तळव्याने पान दाबून धरावे. ब्रशची दांडी बारीक वाटत असेल, तर तिच्याभोवती कापडाची पट्टी गुंडाळून ती जाड करावी.

सांधे सकाळी आखडत असतील, तर हे काम दहा-अकरानंतर, भरपूर उजेडात करावे. त्यापूर्वी हात काही वेळ कोमट पाण्यात बुडवल्यास बरे वाटते. पंधरा-वीस मिनिटांनी थांबून बोटे सावकाश उघडावीत व मिटावीत. गुडघे दुखत असल्यास जमिनीवर बसण्याचा आग्रह धरू नये. पाने कुजलेल्या पाण्यात हात घालताना हातमोजे वापरावेत. हातावर जखम असल्यास, विशेषतः मधुमेह असल्यास, तेवढे काम घरातील दुसऱ्या प्रौढ व्यक्तीकडे सोपवावे. काम संपल्यावर सर्वांनीच साबणाने हात धुवावेत.

घरातील वृद्धांची काळजी घेणाऱ्यांनी आणखी थोडे ध्यानात ठेवावे. विस्मरणाचा त्रास असलेल्या व्यक्तीला एका वेळी एकच कृती सांगावी. पान फाटले तर दुसरे हाती द्यावे; चूक दाखवू नये. “आठवते का?” असे विचारून परीक्षा घेण्यापेक्षा “तुमच्या शाळेतले काही सांगा ना,” असे म्हणावे. जी व्यक्ती अंथरुणावरून उठू शकत नाही, तिनेही मजकूर सुचवावा आणि मुलाने तो लिहावा.

मजकुराला महत्त्व आहे. पट्टीच्या मागे नुसते ‘धन्यवाद’ न लिहिता, बाईंनी नेमके काय दिले ते मुलाकडून काढून घ्यावे. “हातच्याची वजाबाकी तुम्ही मला तीनदा समजावून सांगितलीत,” एवढे एक वाक्य पुरे. ते शोधताना मुलाला प्रथमच उमगते की, आपल्यासाठी कोणीतरी कष्ट घेतले आहेत.

शेवटी एक पान आपल्यासाठी राखून ठेवावे. त्याच्या मागे आपल्या त्या गुरुजींचे किंवा बाईंचे नाव लिहावे आणि ते रोजच्या वाचनाच्या पुस्तकात घालावे. नातवंड विचारील, “आजी, हे कोण?” चष्मा बाजूला ठेवून, सावकाश सांगायला घ्यावे.