गळ न टाकता

मासे खाणारे पुष्कळ भेटतात. मासेमारीवरची पुस्तके वाचणारे थोडे. खरे तर त्यासाठी हातात गळ हवाच असे नाही. माशाची वाट पाहणे हेच या पुस्तकांचे कथानक. पाण्याखाली काय चालले आहे ते दिसत नाही, म्हणून उत्कंठा आपोआप वाढते.

आयझॅक वॉल्टनचे ‘द कम्प्लीट अँगलर’ १६५३ साली निघाले. इंग्लंडात राजाचा शिरच्छेद होऊन जेमतेम चार वर्षे झालेली. आणि हा गृहस्थ आमिष कोणते लावावे, मासा कसा शिजवावा ते सांगतो, मध्येच गाणी पेरतो! आपल्याकडे त्याच्याही पाचशे वर्षे आधी कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने संस्कृत ‘मानसोल्लासा’त माशांच्या जाती, त्यांना चारायचे अन्न आणि गळाची रीत लिहून ठेवली. राजाला एवढी सवड कशी मिळाली, कोण जाणे.

हेमिंग्वेचा ८४ दिवस रिकाम्या हाताने परतणारा म्हातारा पु. लं.च्या ‘एका कोळियाने’मुळे आपल्या घरचाच झाला आहे. जिम कॉर्बेटचे मात्र वाघच आपण वाचतो. ‘मॅनईटर्स ऑफ कुमाऊँ’ (१९४४) या पुस्तकात महसीर माशावरही एक प्रकरण आहे. ते जरूर वाचा. हिमालयातला सोनेरी महसीर आज संकटग्रस्त आहे. अंडी घालायला नदीत वर जाण्याची त्याची वाट ठिकठिकाणी धरणांनी अडवली. त्यामुळे कॉर्बेटच्या गळाची दोरी ताणली गेली, की हा मासा सुटावा असेच वाटू लागते.